अर्ध्यावरची बादली

गरम भज्यांचा घाणा परातीत पडला आणि ह्यांनी सगळ्यांदेखत एक भजं उचलून तोंडात टाकलं.

मी सायकल लिंबाच्या झाडाला टेकवत होते. हात तिथंच थांबला.

"अहो," मी म्हटलं, "आज आदितवार आहे."

"माहिती आहे."

भजं पोळत होतं. ते जिभेवर इकडून तिकडं फिरवत हे रस्त्याकडं बघत उभे राहिले. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. भजीवाल्यानं कागदावर तळलेली मिरची ठेवली, तीही खाल्ली. माझ्या सायकलच्या पुढच्या पिशवीत फडक्याची पुरचुंडी होती. तिच्यात अक्षता आणि नैवेद्याचे गूळफुटाणे. ती अजून सोडायची होती.

"मॅडमना देऊ का एक प्लेट?" भजीवाल्यानं विचारलं.

"मला नको. त्यांना द्या अजून. भूक लागलेली दिसते."

ह्यांनी पैसे दिले. हात रुमालाला पुसले आणि सायकलवर बसले. मीही बसले. समोरून वारा येत होता.

याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरात आदितवारची कहाणी असते. ती माझ्याकडं सासूबाईंकडून आली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे शेतजमिनीची मोजणी करताना एका पडक्या विहिरीत पडले. मोजणी खात्यातली नोकरी, डोळा सगळा साखळीवर, पायाखाली बघायचं राहिलं. तीन दिवस शुद्ध नव्हती. त्या आदितवारी सासूबाईंनी माझ्या मुठीत तांदूळ दिले आणि म्हणाल्या, "हे घे. आजपासून तुझं." नेम साधा होता. आदितवारी कहाणी सांगितल्याशिवाय जेवायचं नाही. पाणी चालतं, अन्न नाही. आणि ऐकणारं माणूसही उपाशी पाहिजे. अर्ध्या अक्षता त्याच्या हातात द्यायच्या, अर्ध्या आपल्या मुठीत. त्यानं प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचं. कहाणी संपली की दोघांनी अक्षता सूर्याला वाहायच्या, नैवेद्य दाखवायचा, मग पान घ्यायचं.

कहाणी एका माळणीची. सूर्यनारायणाला अर्घ्य दिल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. एका वर्षी विहीर आटली, तळाशी बादलीभर पाणी उरलं. ती बादली ओढत असताना काठावर एक तहानेला वाटसरू आला आणि पाणी मागू लागला. माळीण म्हणाली, थांब, आधी देवाचं, मग तुझं. तो थांबला. तिनं अर्घ्य दिलं आणि विहीर काठोकाठ भरली. सासूबाई शेवटी नेहमी म्हणायच्या, "माणूस थांबतो गं, नेम थांबत नाही."

सासूबाई होत्या तोवर त्या ऐकायच्या. त्या गेल्यावर हे. एकही आदितवार चुकला नव्हता.

सायकलचं म्हणाल तर ते वेड ह्यांना निवृत्तीनंतर लागलं. आदल्या पौषात एके दिवशी गिअरची सायकल घेऊन दारात उभे. महिन्याभरात माझ्यासाठीही एक आणली. "एकट्याला कंटाळा येतो," म्हणाले. कोरेगावात बायका खिडकीतून बघून हसायच्या. मी पंजाबी ड्रेस शिवून घेतले आणि शिकले. त्याच सुमाराला ह्यांनी चहातली साखर सोडली. मी विचारलं, "कशासाठी हो?" तर म्हणाले, "सहज." मला वाटलं, माझं बघून ह्यांनाही एखादा नेम धरावासा वाटला असेल, सांगायला लाजत असतील. मी देवापुढं दोन वाती जास्त लावल्या.

श्रावणात आम्ही माणदेशात फिरायला निघालो. ह्यांनी सगळी नोकरी त्या शिवारांत काढलेली. इथली बाजरी बघ, तिथला बांध बघ, या दोन भावांनी हातभर जागेसाठी मला किती हेलपाटे घालायला लावले, असं चाललेलं. जाताना वारा पाठीशी होता. पोरासारखे हसत होते. शेवटचा मुक्काम म्हसवडला झाला आणि तिथं रात्री आमचं वाजलं.

आमची लेक पल्लवी पहिलटकरीण होती. मी अंथरूण घालता घालता म्हटलं, "पल्लवी नीट मोकळी होईस्तोवर मी भात सोडते."

हे उठून बसले. "काय?"

"भात."

"शरयू, माझ्या बदलीच्या वेळी चहा सोडलास. पोरीच्या लग्नासाठी रात्रीचं जेवण सोडलंस, ते अजून धरलं नाहीस. आता भात. सोडायला उरलंय काय तुझ्याकडं?"

"देवाच्या बाबतीत असं बोलू नये."

"मी देवाला बोलत नाही. तुला बोलतोय."

मला मोठ्यानं बोलता येत नाही. तशी सवयच नाही. हे भिंतीकडं तोंड करून झोपले. पहाटे मी आंघोळ करून पुरचुंडी सोडायला बसले तर म्हणाले, "वारा उठायच्या आत जेवढं जाता येईल तेवढं जाऊ. कहाणी वाटेत सांग. मी कुठं पळून जात नाही."

आणि वाटेत पहिल्या थांब्यावर ती भजी.

म्हणून मला काही शंका नव्हती. रात्रीचा राग होता. माणूस रागात ताट भिरकावतं, ह्यांनी ताट ओढून घेतलं, इतकंच. माझा नेम कुठं मोडतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं आणि तिथंच त्यांनी बोट ठेवलं होतं.

मी ठरवलं, रडायचं नाही. सूर्य मावळायच्या आत उपाशी माणूस शोधायचा. एवढ्या मोठ्या शिवारात एक तरी मिळेल.

वारा पश्चिमेचा. श्रावणात त्या मुलखात तो दिवसभर थांबत नाही. दूर डोंगरावर पवनचक्क्या आमच्याकडं पाठ करून फिरत होत्या. रस्ता सपाट दिसायचा, पण पाय म्हणायचे चढ आहे. पोटात काही नाही, आदल्या रात्रीही नाही. बाजरीची कणसं सगळी एका दिशेला, आमच्याकडं वाकलेली. पायडल मारायचं, मैलाचा दगड बघायचा, पुन्हा मान खाली घालायची.

हे माझ्या पुढं होते. सायकलवाल्यांची एक युक्ती असते, पुढच्याच्या पाठीमागं चिकटून गेलं की वारा त्याला लागतो, मागच्याला कमी लागतो. मी सायकल शिकले तेव्हा ह्यांनीच सांगितली होती. मी मुद्दाम उजवीकडं सरकले. नको तुमचा आडोसा. थोड्या वेळानं बघितलं तर हेही उजवीकडं सरकलेले, पुन्हा माझ्यापुढं. मी डावीकडं आले. हे मागं वळून बघत नव्हते, तरी डावीकडं आले. असं दोनदा तीनदा झालं. मग मी नाद सोडला.

रस्त्याकडेच्या रानात दोघी बायका मूग तोडत होत्या. मी उतरले.

"जेवलात का हो बायांनो?"

दोघींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. थोरली म्हणाली, "आत्ताच न्याहारी झाली. या की! भाकरी हाय, ठेचा हाय."

"नाही, मला नको. उपाशी कोणी आहे का विचारत होते."

"उपाशी?" धाकटी हसली. "का वो, जेवण वाटाया निघालाय सायकलीवरनं?"

मी कहाणीचं सांगितलं. थोरलीला ते लगेच उमगलं. "आमच्या आत्याचं असंच हुतं शुक्रवारचं. पर बया, सकाळी खाल्ल्याबिगर रानात कोण येतंय?" तिनं मला ओंजळभर मुगाच्या ओल्या शेंगा दिल्या. "नंतर खावा. कहाणी झाल्याव."

शेंगा पिशवीत टाकून पुढं निघाले. एक मेंढपाळ भेटला, तो दूधभाकर खाऊन तंबाखू मळत होता. डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्यानं दुरूनच सांगितलं, "जेवलोय. औषध मारायचं तर पोट भरलेलं लागतंय." पुढच्या गावात पारावर चारपाच माणसं बसलेली. हे सायकल धरून लांब उभे राहिले. मी जाऊन विचारलं.

"उपाशी माणूस?" टोपीवाल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांकडं बघितलं. "सरपंचाकडं जावा ताई. निवडून आल्यापास्नं ते उपाशीच हायत. किती बी खाल्लं तरी भरत न्हाई."

सगळे हसले. त्यातला एक सरपंचाचाच भाऊ निघाला, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग म्हातारा जरा वरमून म्हणाला, "खरंच न्हाई ओ कोण. श्रावण धरलेले बी सकाळी शाबूखिचडी खाऊन बसल्यात."

दुपार उतरणीला लागली. एका खानावळीपुढं हे थांबले. बाकडी रिकामी होती, आतून आमटीचा वास येत होता. मला वाटलं, आता आत जातील. हे तसेच उभे.

"जेवून घ्या," मी म्हटलं. भज्यांनंतर ह्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"भूक नाही."

"संकोच कसला? सकाळी मोडलंच आहे तुम्ही."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग खाली बसून मागच्या पिशवीतला पंक्चरचा डबा काढला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

"पंक्चर आहे का?"

"नाही."

"मग?"

"बघितलं आपलं."

आम्ही निघालो. आता हे पुढं होते, पण सायकल सरळ जात नव्हती. मला वाटलं, वारा. हळूहळू हे मागं पडले.

मग तसा माणूस दिसला. रस्त्याला लागून विहीर, विहिरीवर मोठा लिंब, लिंबाखाली बाज आणि बाजेवर रस्त्याकडं पाठ करून बसलेला एक म्हातारा. पलीकडं दोन बांध ओलांडून घर होतं. तिथं दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि ओरडत होती, "आबा, शेवटचं सांगतीय! भाकरी निवली!"

"निवू दे!" म्हातारा विहिरीकडं बघून ओरडला. "कुत्र्याला घाल!"

मी सायकल टाकलीच म्हणा ना. "आबा, जेवला नाही तुम्ही?"

म्हाताऱ्यानं मान वळवली. "न्हाई. आन् जेवणार बी न्हाई."

"सकाळपासून?"

"काल सांजंपास्नं. च्या बी घेतला न्हाई. तुमी कोण? शालननं पाठीवलं का तुमाला?"

"नाही, नाही. मी वाटसरू आहे. का जेवला नाही?"

"घोंगडी!" म्हाताऱ्याचा आवाज कापला. "माझ्या बाची घोंगडी. तिला कंदी पानी लागलं न्हवतं. हिनं काल साबण लावून धुतली. वास येतोय म्हनं! घोंगडीला वास न्हाई येणार तर काय अत्तर येणार? आता गोळा होऊन पडलीय, मांजराला बी पुरायची न्हाई."

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावायला गेले आणि लक्षात आलं, ड्रेसला पदर नाही. मग मी कहाणीचं सांगितलं. उपाशी माणूस लागतं म्हटल्यावर आबा ताठ बसला. आपल्या रुसव्याचा कुणाला तरी उपयोग होतोय हे त्याला फार आवडलं.

"सांगा की! किती बी मोठी सांगा. मी काय आज जेवत न्हाई."

मी विहिरीच्या थारोळ्यावर पाय धुतले. पुरचुंडी सोडून मांडीवर घेतली. अक्षता आबाच्या तळव्यावर दिल्या, उरलेल्या मुठीत धरल्या. डोळे मिटले. आतून शांत वाटलं. चुकला नाही. एकही चुकला नाही.

"एक होती माळीण."

"हूं."

"तिचा नेम कडक. सूर्यनारायणाला अर्घ्य दिल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे."

"हूं. मळा किती हुता?"

"असेल दोनतीन एकर."

"हूं."

"एका वर्षी पाऊस झाला नाही. विहीर आटली."

"ते काय सांगायला पायजे व्हय?"

"आबा, नुसतं हूं म्हणायचं."

"हूं."

मागं ह्यांची सायकल आल्याचा आवाज आला, मग ती पडल्याचा. मी डोळे उघडले नाहीत. कहाणी मध्येच तोडायची नसते.

"तळाशी बादलीभर पाणी राहिलं. माळणीनं दोर सोडला. बादली भरली. ओढायला लागली. बादली अर्ध्यावर आली..."

हूं आलं नाही.

"ताई," आबा हळू म्हणाला, "तुमच्या मालकांकडं बघा."

हे लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, चेहरा मेणासारखा. एवढ्या वाऱ्यात कपाळावरून घाम टपकत होता. डोळे माझ्याकडं, पण मला बघत नव्हते.

"साखळी कुठाय?" हे म्हणाले. "शरयू, मोजणीची साखळी. गडी साखळी घेऊन गेले. बांध राहिला."

"अहो, कसली साखळी? तुम्ही घरी आहात... नाही, अहो, आपण रस्त्यावर आहोत."

"बांध राहिला," हे पुन्हा म्हणाले. जीभ जड झाली होती.

शालन बांधावरून पळत आली. हातात भाकरीचं ताट होतं, सासऱ्याला शेवटचं विनवायला निघालेली. तिनं एकदाच बघितलं. "आमच्या मामास्नी असंच व्हायचं. साखर हाय का वो ह्यास्नी?"

"नाही," मी म्हटलं. "ह्यांना काहीसुद्धा नाही."

ह्यांनी हात उचलला. बोट माझ्या मांडीकडं करायचा प्रयत्न केला. "गूळ," म्हणाले. एवढा एकच शब्द नीट आला.

पुरचुंडी माझ्या मांडीवर उघडी होती. गूळ आणि फुटाणे. नैवेद्य दाखवायचा राहिलेला. मुठीत अक्षता, बादली विहिरीत अर्ध्यावर. मला सासूबाईंचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, माणूस थांबतो गं.

मूठ उघडली. अक्षता पायाशी मातीत पडल्या. मी गुळाचा खडा ह्यांच्या तोंडात घातला आणि दात मिटेनात म्हणून हनुवटी धरली. "चावा. अहो, चावा." खडा फुटला. दुसरा दिला. शालननं तांब्यात गूळ कालवून घोट घोट पाजला. आबा तळव्यावरच्या अक्षता तशाच धरून उभा होता. कुठं ठेवायच्या त्याला कळेना.

हळूहळू डोळे जागेवर आले. ह्यांनी लिंबाकडं बघितलं, विहिरीकडं, मग माझ्याकडं. "पडलो काय?"

"नाही. बसलात."

शालन त्यांना वारा घालायला लागली. मी उठून ह्यांच्या सायकलकडं गेले. पिशवीतून पंक्चरचा डबा काढला. सोल्यूशनची नळी, रबराचे तुकडे, आणि त्यांच्याखाली बिस्किटांचा पुडा. न फोडलेला. शेजारी गोळ्यांची पट्टी, ती मी रोज सकाळी बघत होते. ताकदीची गोळी, असं हे म्हणायचे.

मी डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"कधीपासून?"

"पौषापासून."

"म्हणजे सायकल..."

"डॉक्टरांनी सांगितली."

"आणि चहातली साखर?"

"तीपण."

मी जास्त लावलेल्या दोन वाती मला आठवल्या.

"आणि आदितवारी? कहाणीच्या आधी?"

ह्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "गोळी घेतल्यावर रिकाम्या पोटी राहता येत नाही. न्हाणीघरात दोन बिस्किटं खायचो. नळ सोडून."

"दर आदितवारी?"

"दर आदितवारी."

म्हणजे पौषापासून मी उपाशी माणसाला कहाणी सांगितलीच नव्हती. मी हिशेब करणार होते, पण डोकं चाललं नाही. फार थकवा आला होता.

"आज सकाळी हात थरथरायला लागले," हे म्हणाले. "वाटलं, आता कुठं लपू? रस्त्याला न्हाणीघर नाही. समोर भजी होती. खाल्ली."

"मग तसं सांगायचं. मला वाटलं, रात्रीचा राग."

"सांगितलं असतं तर?" ह्यांचा आवाज अजून जड होता. "पोरीसाठी भात सोडलास. माझ्या साखरेसाठी काय सोडलं असतंस, शरयू? भाकरी? तेवढीच उरलीय."

शालनचा वारा घालायचा हात थांबला होता. आबा दुसरीकडं बघत होता.

"आणि हा पुडा?" मी विचारलं. "दुपारी डबा उघडलात की. का नाही खाल्लात?"

"तू उपाशी होतीस."

विहिरीवरून वारा सुटला होता. बाजरी सळसळत होती. मग शालननं ताट उचललं, भाकरीचे चार तुकडे केले, मुगाची उसळ वाढली आणि पहिल्यांदा ह्यांच्यापुढं ठेवलं. "जेवा दादा. पोटात भाकर जायला पायजे, नुसत्या गुळानं भागत न्हाई." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हे जेवायला लागले.

आबा ते घास बघत होता. गळ्याची घाटी वरखाली होत होती. शेवटी म्हणाला, "शालन, हितं माणूस मरायला टेकलं म्हणून. घोंगडीचं मी इसरलेलो न्हाई."

"व्हय, माहितीय. घ्या." तिनं तुकडा हातावर ठेवला.

आबानं अक्षता डाव्या हातात घेतल्या आणि उजव्यानं भाकरी खाल्ली. खाता खाता एकदम थांबला. "ताई, ती बादली ऱ्हायली की."

"कुठली?"

"हिरीत. अर्ध्यावर. मग काय झालं फुडं?"

समोर दोन जेवलेली माणसं आणि एक बाई, तिनं खाल्लं होतं की नाही मी विचारलंच नव्हतं. माझ्या मुठीत अक्षता नव्हत्या. सूर्य पवनचक्क्यांच्या वर टेकला होता. मी आबाच्या तळव्यावरून चार दाणे उचलून घेतले.

"बादली अर्ध्यावर आली," मी म्हटलं, "तर काठावर एक वाटसरू. ओठ सुकलेले, अंगावर फाटकं कांबळं. म्हणाला, बाई, पाणी दे."

"हूं," आबा म्हणाला.

"माळणीकडं एकच बादली. सूर्य डोक्यावर. अर्घ्य द्यायचं राहिलेलं."

"हूं. मग?"

ह्यांनी घास हातात धरून ठेवला होता. पुढचं त्यांना पाठ होतं.

"माळणीनं बादली वर ओढली," मी म्हटलं, "आणि त्याच्या ओंजळीत ओतली."

ह्यांनी मान वर केली.

"आन् देवाचं?" आबानं विचारलं.

"देव थांबला."

आबानं जरा विचार केला. "थांबंल की," म्हणाला. "त्याला काय घाई हाय?"

हे माझ्याकडं बघत होते. सासूबाईंचा शेवट बदललेला त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. काहीतरी विचारतील असं वाटलं. पण त्यांनी हातातला घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाले, "हूं."

आम्ही अक्षता वाहिल्या. मग शालननं माझ्या हातावर भाकरी ठेवली. निवलेली होती, कडा वातड झालेल्या. मी ती तिथंच विहिरीवर बसून खाल्ली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं आमच्या सायकली कांद्याच्या टेंपोत टाकल्या आणि आम्हाला कोरेगावला सोडलं. वाटभर ह्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

पल्लवीला मुलगा झाला. मी तिच्याकडं भातच खात होते.

आता सायकली माळ्यावर आहेत. ह्यांना कमी ऐकू येतं, हूं भलत्याच ठिकाणी येतं, कधी येतच नाही. आदितवार मात्र चुकलेला नाही. सकाळी पूजा झाली की मी पाटावर बसते, पुरचुंडी सोडते, आणि अक्षता हातावर द्यायच्या आधी मोठ्यानं विचारते, "खाल्लंत ना?"

हे रिकामी बशी पुढं करून दाखवतात. मग मी म्हणते, एक होती माळीण.